आबांची गाडी रेंजमध्ये येईना

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, अख्खी नोकरी एसटी चालवण्यात घालवली आणि एकाही माणसाच्या केसाला धक्का लागू दिला नाही. आणि स्वतः पडले ते एसटीतून उतरताना. गाडी पूर्ण थांबलेली, वेल्ह्याचं स्टँड, हातात कोथिंबिरीची जुडी. खुब्याचं हाड मोडलं. पण हाडापेक्षा त्यांना जास्त लागलं ते वेगळंच. गाडीवरचा ड्रायव्हर नवखा पोरगा होता आणि तो खाली उतरून म्हणाला, "आजोबा, जपून उतरायचं की!"

आजोबा! सावळाराम ड्रायव्हरला, ज्यांच्या मुक्कामी गाडीच्या हॉर्नवर खोऱ्यातल्या बायका चुलीवर कालवण ठेवत, त्यांना आजोबा!

ऑपरेशन पुण्यात झालं, व्यवस्थित झालं. डॉक्टर म्हणाले, चालायचं. जितकं चालाल तितका पाय मोकळा होईल. चालण्यासाठी ॲल्युमिनियमचा चौपायी वॉकर दिला. आबा तो घेऊन वेल्ह्याजवळच्या आपल्या वाडीत एकदा, फक्त एकदा, अंगणात उतरले. तेवढ्यात समोरून शेळ्या घेऊन जाणारा बाजी म्हणाला, "आबा, नवी चारचाकी काढली व्हय?" बाजीच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या मनात सहसा काहीच नसतं. पण आबा मागे फिरले, बाजेवर बसले, आणि त्यानंतर उठायचं नाव घेईनात. वॉकरवर सासूबाई टॉवेल वाळत घालू लागल्या.

"अहो, तुम्ही काहीतरी करा ना," माझी बायको नूतन म्हणाली. मी भोरच्या शाळेत भूगोल शिकवतो. हाडांशी माझा संबंध नाही. पण जावई म्हटल्यावर माणसाला सगळ्याच विषयांत काहीतरी करावं लागतं.

उपाय सुचवला आमच्या शेजारच्या गोरखने. गोरख भोरमध्ये मोबाईल दुरुस्त करतो आणि न विचारता सल्ले देतो. यातलं कोणतं काम चांगलं करतो हे अजून ठरायचं आहे. तो म्हणाला, "सर, त्यांना बस चालवायला द्या. कॉम्प्युटरवर! हुबेहूब बस असती. गिअर, वायपर, दरवाजा, समदं. वर स्टेअरिंग मिळतं, पायातले पेडल मिळतात. म्हातारा एकदा सीटवर बसला की बघा कसा खुलतो."

"पण सीडी वगैरे कुठे मिळते?"

गोरखने माझ्याकडे जुन्या वस्तुसंग्रहालयाकडे बघावं तसं बघितलं. "आता सीडी कोण घेतं सर? ऑनलाइन विकत घ्यायचं, उतरवून घ्यायचं. खेळ तुमचा."

"वाडीत नेट नाही हां. रेंजसुद्धा नाही."

"एकदा उतरवलं की नेट कशाला लागतंय?"

हे वाक्य मी त्याच्याकडून तीन वेगवेगळ्या दिवशी वदवून घेतलं, कारण मी सावध माणूस आहे. खातं उघडणं, पैसे भरणं, खेळ माझ्या लॅपटॉपवर उतरवणं हे सगळं गोरखनेच केलं. पुढे तपासणी म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी मी रोज संध्याकाळी थोडा थोडा खेळून बघितला. नूतनने विचारलं तर सांगायचो, "आबांच्या पायाला झेपेल का ते बघतोय." एकदा बघता बघता जेवण गार झालं. पण उपचार म्हटला की वैद्यालाही त्रास होतोच.

बलिप्रतिपदेच्या सकाळी आम्ही निघालो. फराळाचे डबे नूतनकडे, लॅपटॉप माझ्या पाठीवर, आणि स्टेअरिंग कुठल्याच पिशवीत मावेना म्हणून गव्हाच्या रिकाम्या पोत्यात. पोत्याच्या तोंडातून त्याचं अर्धं चाक बाहेर. नसरापूरच्या पुढे गाडीत गर्दी झाली तेव्हा ते मांडीवर घ्यावं लागलं. शेजारच्या म्हाताऱ्याने बराच वेळ निरखून विचारलं, "गाडीचं हाय?"

"हो. म्हणजे नाही. कॉम्प्युटरचं."

"कॉम्प्युटर वळवाया लागतो?"

पुढच्या बाकड्यावरून कोणीतरी ओरडलं, "ड्रायव्हरसायेब, तुमचं जाग्यावर हाय न्हवं? मागं एकानं काढून आणलंय!" सगळी गाडी हसली. ड्रायव्हरनेही आरशातून माझ्याकडे बघितलं आणि मला वाटतं, एकदा स्वतःचं चाक चाचपलं. मी खिडकीबाहेर बघून भूगोल पाहत बसलो.

वाडीत पोचलो तर बातमी आमच्या आधी पोचली होती. ओसरीवर माणसं जमलेली. आबा बाजेवर, भिंतीकडे तोंड करून. मी पोतं उघडलं, चाक बाहेर काढलं. आबांनी मान वळवली. उठले नाहीत, पण हात पुढे केला, चाक घेतलं, एकदा डावीकडे फिरवलं, एकदा उजवीकडे.

"पावर स्टेअरिंग," ते तुच्छतेने म्हणाले. पण चाक परत दिलं नाही. नूतनने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर असं ती फार वेळा पाहत नाही.

आता चाक कशाला तरी घट्ट बसवायला हवं. घरात टेबल नव्हतं. बरीच चर्चा होऊन सासूबाईंचं, ठकुबाईंचं, शिलाई मशीन ठरलं. त्याच्या फळीला चाक आवळलं, खाली पेडल ठेवले, समोर लॅपटॉप. आबांना आम्ही दोघांनी धरून खुर्चीवर बसवलं. पायाखाली मशीनचा लोखंडी पायटा आणि त्याच्याशेजारी माझे पेडल, त्यामुळे आबांनी पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दाबला तो शिलाई मशीनचा. वरची सुई खडखड नाचली.

"इंजिन चालू झालं की!" बाजी म्हणाला.

मी हसून लॅपटॉपवर खेळाच्या चित्रावर बोट दाबलं. पडदा काळा झाला. मग निळा झाला. मग इंग्रजीत एक ओळ आली. मी ती वाचली. पुन्हा वाचली. मनातल्या मनात तिचं मराठी केलं, तरी अर्थ तोच राहिला. खेळाची मालकी तपासायची आहे, कृपया इंटरनेटला जोडा.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"काही नाही. जरा... हा खेळ आपलाच आहे ना, हे तो कंपनीला विचारून घेतोय."

"इकत घेतलाय न्हवं?"

"घेतलाय."

"मंग इचारायचं काय त्यात?" बाजी पुढे सरसावला. "आता म्या तुमाला बोकड इकला, दाजी. पैसं घेतलं. बोकड तुमचा. तुमी त्यो घरी नेला. मंग रोज त्याला दावणीवरनं सोडायच्या आधी तुमी मला इचारनार का, की बाजी, बोकड माझाच हाय न्हवं?"

"तसं नाही बाजी. इथे आपण बोकड विकत घेतलेला नसतो. आपण बोकड वापरायची परवानगी विकत घेतलेली असते."

ओसरीवरचे चेहरे कोरे झाले. वर्गात अक्षवृत्त-रेखावृत्त शिकवताना होतात तसेच.

"आन् बोकड कुणाचा?" ठकुबाईंनी विचारलं.

"कंपनीचा."

"आन् कापला तर?"

या मुद्द्यावर माझा अभ्यास नव्हता. आबांनी चाकावरचे हात काढून घेतले. "म्हंजे गाडी डेपोतनंच सुटली न्हाई," ते म्हणाले आणि पुन्हा बाजेकडे बघायला लागले. नूतनने माझ्याकडे पाहिलं. असं मात्र ती बऱ्याच वेळा पाहते.

म्हणून मी नको ते बोलून गेलो. सगळ्यांसमोर, छाती पुढे काढून. "आबा, उद्यापर्यंत तुमची गाडी रस्त्यावर आणतो."

वाडीत रेंज नाही हे पूर्ण खरं नव्हतं. बाजीच्या म्हणण्याप्रमाणे रेंजच्या जागा होत्या, पण प्रत्येक कंपनीची जागा वेगळी. एक उंबराखाली, पण तिथे बसून बोलायचं, उभं राहिलं की तुटते. एक पाण्याच्या टाकीच्या सावलीत. माझ्या मोबाईलची कंपनी ऐकून त्याने दुःखाने मान हलवली. "ती वर टेकाडावं. तीबी वारा आपल्या बाजूनं असला तर."

टेकाडावर गेलो. बाजी, त्याच्या शेळ्या आणि एक मेंढा सोबतीला. वर पोचल्यावर माझा श्वास परत यायच्या आधी रेंज आली, हे कबूल केलं पाहिजे. मोबाईलवरून लॅपटॉपला नेट जोडलं. खेळ सुरू झाला, आणि म्हणाला, नवी आवृत्ती आली आहे, आधी ती उतरवतो. त्याने मला विचारलं नाही. उतरवायला घेतलीच. एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे निघाली. गोगलगायही तिला मागे टाकून पुढे गेली असती.

मी कातळावर बसलो. समोर तोरणा, खाली खोरं, अंगावर ऊन. शहरातली माणसं याच गोष्टींसाठी मुद्दाम येतात. मी रेघेकडे बघत होतो. रेघ निम्म्यावर आली आणि लॅपटॉपची बॅटरी संपली. पडदा काळा कुळकुळीत झाला.

त्या काळ्या पडद्यात बाजीच्या मेंढ्याला दुसरा मेंढा दिसला.

"दाजी, सरका!" बाजी ओरडला. मेंढा दोन पावलं मागे सरला, मान खाली घातली. मी लॅपटॉप उराशी धरून उठलो आणि पाठ फिरवली. म्हणजे लॅपटॉप वाचला. जिथे लागलं ती जागा सांगण्यासारखी नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर दोन दिवस मी उभ्याने चहा प्यालो. बाजी मात्र मेंढ्यावर अतिशय खूश होता. "बघा, दाजी, न्हाईतर ह्यो कुनाच्या जवळबी जात न्हाई."

खाली आल्यावर धोंडाबाई नावाच्या शेजारणीने स्वतः काढलेलं करंजाचं तेल आणून दिलं. आबांच्या खुब्यासाठी आणलेलं, पण आता जावयाला जास्त गरज आहे, असं तिने सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं सांगितलं. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांचे खांदे हलत होते. रडत असावेत असं मला वाटलं. नूतन म्हणाली, हसतायत.

दुसरा दिवस भाऊबीजेचा. सकाळी मी खालच्या गावातल्या ग्रामपंचायतीत गेलो. तिथे वायरचं नेट आहे आणि लॅपटॉप लावायला विजेचं बटणही आहे, असं ठकुबाईंनी सांगितलं होतं. सुट्टी होती, पण तिथला कॉम्प्युटर ऑपरेटर चिमाजी काही राहिलेलं काम उरकायला आला होता. चिमाजी तरुण, टापटीप, आणि कायद्याला धरून.

"बोला सर. कसला दाखला?"

"दाखला नको. जरा नेट हवं होतं."

"नेट शासकीय कामालाच वापरता येतं. काम काय लिहू?"

मी घसा साफ केला. "सेवानिवृत्त कर्मचाऱ्याचं पुनर्वसन."

चिमाजीने पेन खाली ठेवलं. मग मला सगळं सांगावं लागलं: आबा, खुबा, वॉकर, बस, मालकी. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी त्याचा चेहरा उजळला. "आलं ध्यानात. हयातीचा दाखला! पेन्शनवाल्यांना दरवर्षी द्यावा लागतो न्हवं, की बाबा, मी जिता हाय? तसं तुमची कंपनी बघतीय, मालक हाय का गेला."

इतक्या सोप्या शब्दांत मला हे सांगता आलं नव्हतं, ही गोष्ट मी मनात दाबून टाकली. सावळाराम ड्रायव्हरचं नाव ऐकून चिमाजी विरघळला होता. त्याच्या आईला बाळंतपणासाठी आबांनीच कधीतरी गाडी आडवाटेला घालून दवाखान्यात पोचवलं होतं म्हणे. "म्हंजे मी गाडीतच व्हायचा ऱ्हायलो बघा," तो म्हणाला आणि त्याने वायर माझ्या लॅपटॉपला लावली.

रेघ भराभर पळाली. नवी आवृत्ती उतरली. आणि खेळ म्हणाला, तुम्ही नेहमीच्या ठिकाणी नाही, तुमचं वागणं संशयास्पद आहे. भूगोलाच्या शिक्षकाला हे ऐकावं लागलं! खरे मालक असाल तर नोंदवलेल्या मोबाईलवर आलेला आकडा इथे लिहा.

मी मोबाईल बघितला. आकडा आला नव्हता. थोड्या वेळाने मला कळलं की तो येणारच नव्हता. खातं गोरखने उघडलं होतं. मोबाईल नंबर गोरखचा होता. कायद्याच्या दृष्टीने आमच्या बसचा मालक गोरख होता.

पंचायतीच्या फोनवरून त्याला फोन लावला. तो भाऊबीजेला भोंगवलीला बहिणीकडे गेलेला. फोन उचलला तो बहिणीने. तिने आधी कोण, कुठले, नूतनताई कशा आहेत, यंदा चकल्या मऊ का पडल्या, हे सगळं विचारलं. मग गोरखला हाक मारली. तो पाटावर बसलेला होता, ओवाळणं चालू होतं.

"सर! दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! आबा कसं हायत? बस पळाली का?"

"गोरख, तुझ्या मोबाईलवर एक आकडा आलाय. तो सांग."

"सांगतो की. पण आधी तुमी सांगा, स्टेअरिंग घट्ट बसलं का? मी म्हणलो होतो ना..."

"आकडा, गोरख!"

त्याने आकडा सांगितला. मी लिहिला. खेळ म्हणाला, आकड्याची मुदत संपली. दुसरा मागवला. या वेळी गोरखच्या डोळ्यांवर अक्षता पडल्या होत्या, त्याने नऊचा सहा वाचला. तिसऱ्या वेळेला चिमाजी घड्याळ बघायला लागला. घरी त्याचीही बहीण धायरीहून येऊन ओवाळणीचं ताट घेऊन बसली होती. तेवढ्यात मागून गोरखच्या बहिणीचा आवाज आला, "आण इकडं तो फोन!" आणि तिने एकेक आकडा असा ठणठणीत वाचला की माझ्याकडून चूक व्हायची छातीच झाली नाही.

खेळ उघडला. खाली एका कोपऱ्यात एक बारीक पर्याय होता: यापुढे इंटरनेटशिवाय चालवा. हा पर्याय इंटरनेट असतानाच निवडता येतो. नेट नको आहे, हे सांगायलाही नेट लागतं! मी निवडला. चिमाजीने वायर काढली. आम्ही दोघांनी श्वास रोखून बघितलं. खेळ चालू राहिला. चिमाजीने माझ्याशी हात मिळवला आणि पळत घरी गेला.

दुपारी वाडीत सगळे पुन्हा जमले. या वेळी आबांनी खाकी शर्ट घातला होता. कुणी सांगितलं नव्हतं. शर्ट अंगावर सैल झाला होता. मी खेळ लावला. बस आली. खरीखुरी, समोर काच, काचेवर वायपर, बाहेर परदेशातलं एक शहर आणि बारीक बर्फ.

"पाऊस हाय?" आबांनी विचारलं.

"बर्फ आहे आबा. पण काळजी नको, गाडी घसरत नाही. निघा."

आबा निघेनात. हात चाकावर, नजर समोर.

"निघा ना, आबा."

"बेल?"

मला कळेना. नूतनला कळलं. ती आत गेली, देवघरातली घंटा घेऊन आली आणि दोनदा वाजवली. आबांनी गिअर टाकला.

परदेशात वाहनं उजव्या बाजूने चालतात हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. आबांना सांगायचं राहून गेलं. पहिल्याच वळणावर समोरून दोन मोटारी आणि एक ट्रक थेट अंगावर आले.

"समदं गाव राँग साइडनं चालतंय!" आबा ओरडले आणि गाडी शांतपणे बाजूला घेऊन थांबवली. मी समजावलं. त्यांना पटलं नाही, पण दुसऱ्याच्या मुलखात त्यांच्या रिवाजाने वागायचं म्हणून त्यांनी बाजू बदलली. आणि मग ते चालवायला लागले. काय सांगू! मी महिनाभर त्या शहरातले खांब पाडत होतो. आबांनी तीच बस तांब्यातलं पाणी हलणार नाही अशी नेली. थांब्यावर लोक चढले, उतरले, नूतन घंटा वाजवत होती, ठकुबाई "जाऊ द्या!" म्हणत होत्या. आबांचा आजारी पाय ब्रेकवर असा येत होता आणि असा सुटत होता की मी पडद्याकडे बघायचं सोडून तोच बघत राहिलो.

आणि मग एक थांबा आला. माणसं चढली. दरवाजा बंद करायचा, एवढ्यात लांबून एक माणूस येताना दिसला. हातात पिशवी, टोपी घातलेला, लगबगीने चालत होता. नूतनने दोनदा घंटा वाजवली.

"थांब," आबा म्हणाले. "मानूस येतोय."

तो माणूस म्हणजे काय प्रकार आहे ते मला ठाऊक होतं. खेळात रस्ते भरलेले दिसावेत म्हणून अशी माणसं चालत ठेवलेली असतात. ती फक्त चालतात. तो माणूस बसपर्यंत आला, बसवरून पुढे गेला, कोपऱ्यावर वळला आणि थोड्या वेळाने परत त्याच रस्त्याच्या टोकाला दिसला.

"आबा, तो बसमध्ये चढत नाही. तो खोटा आहे."

"पिशवी बघा त्याच्या हातात. बाजाराला निघालाय. एकदा हुकला, परत येतोय बिचारा."

पडद्यावर वेळ लाल झाली. उशीर. आतली माणसं कुरकुरायला लागली. त्यांना तेवढंच येतं. आबांनी आरशातून त्यांच्याकडे अशी नजर टाकली की खऱ्या माणसांनी खिडकीबाहेर बघितलं असतं.

"आबा, निघा, नाहीतर गुण कापतील."

"कापू द्या. मागं दुसरी गाडी हाय का त्याला? म्या कवा मानूस सोडून आलो न्हाई."

बाजीने टोपी काढली, का ते त्यालाही माहीत नसावं. तो माणूस तिसऱ्यांदा आला आणि तिसऱ्यांदा निघून गेला. मग पडदा अंधारला आणि इंग्रजीत चार ओळी आल्या.

"काय म्हनतोय?" आबांनी विचारलं.

मी खोटं बोलायला हवं होतं. पण सवय वाईट. इंग्रजी दिसलं की अर्थ सांगतो. "वेळापत्रक न पाळल्याबद्दल तुम्हाला सेवेतून कमी करण्यात येत आहे."

ठकुबाईंच्या तोंडून "अगं बया!" निघालं. एवढी वर्षं ज्यांच्या नावावर एक साधी ताकीद नाही, त्या सावळाराम ड्रायव्हरला माझ्या खेळाने पहिल्याच दुपारी कामावरून काढलं होतं. मी घाईने सांगायला लागलो, की हे बटण दाबलं की पुन्हा नवी सुरुवात होते, काही बिघडत नाही, आबा, हे बघा...

"हात लावू नका!" आबा कडाडले. "नवी सुरुवात म्हंजे? म्या चूक कबूल केल्यागत व्हईल. आधी चौकशी. आरोपपत्र कुठंय? माझं म्हननं कुनी ऐकलं?"

"आबा, हे मशीन..."

"ह्याच्या वर सायेब असंल कुनीतरी. त्याला लिवायचं. कुठनं जातं ते?"

"टेकाडावरून," बाजीने परस्पर सांगून टाकलं.

"चला मंग."

मी लॅपटॉप उचलला, कारण दुसरं काही सुचेना. आबा चाकाला धरून उठले. दाराशी टॉवेल टाकलेल्या वॉकरला त्यांनी कोपराने बाजूला सारलं, बाजीच्या हातातली शेळ्यांची काठी घेतली आणि अंगण उतरले. नूतन पुढे धावणार होती; ठकुबाईंनी तिचा हात धरून ठेवला.

आबा टेकाड चढले. सावकाश, दर दहा पावलांनी थांबत, आणि प्रत्येक थांब्यावर नव्या रागाने. "उद्या म्हनतील म्हातारीला सोडा, बाळंतिणीला सोडा." पुन्हा दहा पावलं. "खुर्चीत बसून येळापत्रक करायला काय जातंय." मी मागे होतो, धापा टाकत, मेंढ्यापासून पाठ सांभाळत. मध्येच माझ्या लक्षात आलं की हा माणूस कित्येक आठवड्यांत बाजेवरून उठलेला नाही. हे त्यांना सांगायचं नाही, असं ठरवून मी मागोमाग चढत राहिलो.

वर कातळावर बसून त्यांनी मजकूर सांगितला आणि मी इंग्रजीत केला. अर्जदार निष्कलंक सेवेचा आहे. प्रवासी दृष्टिपथात असताना गाडी हलवणं हे नियमाला आणि माणुसकीला धरून नाही. सबब, कारवाई मागे घ्यावी आणि सदर प्रवाशाचं पुढे काय झालं तेही कळवावं. हे शेवटचं वाक्य मी गाळणार होतो. आबांनी मला ते वाचून दाखवायला लावलं. मग पाठवलं.

निकाल लागेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही, असं आबांनी जाहीर केलं. निलंबित माणसाने गाडीवर बसणं बरोबर नव्हे. त्यामुळे सुट्टी संपल्यावर लॅपटॉप आणि चाक पोत्यातून परत भोरला आलं. मीही खेळत नाही. एकदा सहज उघडला तर नूतन म्हणाली, "अहो, चौकशी चालू असताना?" आबा चालायला लागले याचं श्रेय वाडीने एकमताने धोंडाबाईच्या करंजाच्या तेलाला दिलं. तिच्याकडे आता खालच्या गावातूनही माणसं येतात.

कंपनीचं उत्तर तसं दुसऱ्याच दिवशी आलं होतं. कोणा माणसाने लिहिलेलं नव्हतं, आपोआप आलेलं. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, खेळ बंद करून पुन्हा सुरू करावा. मी ते नूतनला दाखवलं. तिने वाचलं, फोन माझ्या हातातून घेतला आणि पुसून टाकलं.

रोज सकाळी, शाळेची घंटा व्हायच्या आधी, आबांचा फोन येतो. वाऱ्याचा आवाज असतो, मागे शेळ्या असतात, आणि पहिली दोन-तीन वाक्यं धापेमुळे नीट कळत नाहीत. आताशा एकच वाक्य कळत नाही.

"स्वरूपराव, आलं का उत्तर?"

"नाही आलं, आबा."

"यील. वरचं काम हाय, येळ लागतो. उद्या परत बघतो," ते म्हणतात, आणि उतरायला लागतात.